महागडा बारकोड स्कॅनर घ्यायच्या आधी जुना फोन वापरून बघ
भवानी पेठेतल्या गोदामासाठी एकदम महागडा स्कॅनर आणू नकोस. घरात पडलेला जुना अँड्रॉइड आधी वापरून बघ. फक्त मागच्या कॅमेऱ्याला ऑटोफोकस हवा. नाहीतर जवळून बारकोडच्या बारीक रेघा पुसट दिसतात. मी असाच एक स्वस्तातला फोन घेतला आणि बिस्किटच्या पुड्यासमोर हात मागेपुढे करत बसलो. गिऱ्हाईक हसत होतं.

किराणा मालावर बहुतेक वेळा १३ अंकी ईएएन कोड, म्हणजे वस्तू ओळखायचा बारकोड नंबर असतो. सुरुवातीचे ८९० म्हणजे नंबर जीएस१ इंडिया या बारकोड नंबर देणाऱ्या संस्थेकडून घेतलेला. माल इथेच बनला असं नाही. शेवटचा अंक पडताळणीचा, त्यामुळे चुकीचं वाचन बहुधा तिथेच अडतं. चकचकीत पाकिटावर फोन जरा तिरपा धर. टॉर्च सरळ मारलास तर रेघांच्या जागी पांढरा डागच दिसेल.

दिवसाला चाळीस-पन्नास नग असतील तर एवढं पुरे. दिवाळीत रांग लागली की मात्र खटक्याचा साधा ब्लूटूथ स्कॅनर घे. तो फोनला कीबोर्ड म्हणून जोडला जातो, आकडे थेट एक्सेलच्या चौकटीत पडतात. मग स्क्रीनवरचा कीबोर्ड गायब होतो, तेव्हा घाबरू नकोस. सेटिंगमधून परत चालू करता येतो.