सोलरसाठी कर्ज काढावं का? आणि सोलरवाला म्हणतो तेवढे किलोवॅट घ्यावेत का?

तुमचा प्रश्न असा: लाईट बिल महिन्याला तीन हजारांच्या घरात जातं, सोलरवाला 5 किलोवॅट बसवा म्हणतोय, बँक कमी व्याजाने कर्ज देतेय. मग कर्ज काढावं, की दोन वर्षं साठवून रोखीने करावं?

कर्ज काढा, पण 3 किलोवॅटचं. आम्ही कराडला ऑक्टोबर 2025 मध्ये हेच केलं, म्हणून सांगतेय.

पीएम सूर्यघर योजनेत (घराच्या छतावरच्या सोलरला अनुदान देणारी केंद्राची योजना) पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30,000 रुपये आणि तिसऱ्याला 18,000, असं मिळून 78,000 अनुदान आहे. तिथे ते थांबतं. पाच बसवा नाहीतर सात, 78,000 च मिळणार. कर्जाचंही तसंच. 3 किलोवॅटपर्यंत सरकारी बँका 2 लाखांपर्यंत विनातारण देतात, व्याज रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) अधिक अर्धा टक्का. आम्ही घेतलं तेव्हा रेपो 5.50 होता, म्हणजे आम्हाला 6 टक्के पडले. तिनाच्या वर गेलात की ही सवलत नाही. थोडक्यात, चौथा आणि पाचवा किलोवॅट तुम्ही पूर्ण स्वतःच्या पैशाने, वर महाग व्याजाने घेणार. सोलरवाला हे आपणहून सांगत नाही. आम्हालाही सांगितलं नव्हतं.

आता बिल उलटून मागचा भाग बघा. बाराही महिन्यांचे युनिट तिथे छापलेले असतात. आमची सरासरी 280 होती. एक किलोवॅट महिन्याला साधारण 120 युनिट देतो (पावसाळ्यात बरेच कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त), म्हणजे आम्हाला तीन पुरून उरतात. महावितरणचा दर टप्प्यांचा आहे, शंभर युनिटांच्या पुढे तो जवळपास दुप्पट होतो. सोलर वरच्या टप्प्यापासून खाली खात येतं. त्यामुळे पहिला किलोवॅट तुमचे महागडे युनिट वाचवतो, शेवटचा स्वस्तातले. आणि गरजेपेक्षा जास्त तयार झालेली वीज पुढच्या महिन्यांत वळती होते खरी, पण 31 मार्चला जे शिल्लक राहील त्याला किरकोळ भाव मिळतो. वीज विकून हप्ता फेडू, असं कुणी सांगत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

हप्त्याचं गणित आमच्या आकड्यांवरच मांडते. खर्च 1,90,000. दहा टक्के, म्हणजे 19,000, आम्ही घातले. कर्ज 1,71,000, मुदत दहा वर्षं, हप्ता जवळपास 1,900. अनुदान आधी मिळत नाही. पॅनल बसून, नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली, दोन्ही वीज मोजणारं) लागून, तपासणी झाली की मग ते खात्यात येतं. इथेच बहुतेक जण चुकतात: ते 78,000 दिवाळीला, फ्रिजला, कुणाच्या तरी लग्नाला जातात. ते सरळ कर्जात भरा. भरताना बँकेला लेखी अर्ज द्या की हप्ता आहे तोच ठेवा, मुदत कमी करा. आमच्या शाखेने परस्पर हप्ताच कमी करून ठेवला होता, दोन खेपा घालून बदलून घ्यावा लागला. हप्ता 1,900 चाच राहिला तर उरलेले 93,000 पावणेपाच वर्षांत फिटतात. इकडे बिल तीन हजारांवरून दीडशे-दोनशेवर येतं. स्थिर आकार सुटत नाही, तो भरावाच लागतो. म्हणजे दोन वर्षं थांबून साठवण्यापेक्षा हप्ता स्वस्त पडतो.

त्याआधी एक काम करा, याला कर्जही लागत नाही. जुना पंखा 75 वॅट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा, 30 च्या आसपास. आमच्याकडे तीन पंखे रोज बारा तास फिरतात. ते बदलले आणि महिन्याला 48 युनिट वाचले. नऊ हजारांत झालं. तेवढ्याच विजेसाठी पॅनल घेतले असते तर पंचवीस हजार मोजावे लागले असते.

कागदपत्रांत आमचा जीव गेला तो एकाच जागी. मीटर वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर. कर्ज मागणारा आणि वीजग्राहक एकच असावा लागतो, घरपट्टी वेगळ्याच नावावर असेल तर आणखी घोळ. नणंदही वारस, ती पुण्याला, तिचं संमतिपत्र येईपर्यंत महिना गेला. तेव्हा जनसमर्थ पोर्टलवर (कर्जाचा अर्ज करायची सरकारी वेबसाइट) अर्ज भरण्याआधी बिलावरचं नाव वाचा. कोटेशन 22 सप्टेंबर 2025 च्या आधीचं असेल तर नवं मागा, सोलरवरचा जीएसटी त्या दिवसापासून 12 वरून 5 टक्क्यांवर आलाय. आणि पॅनल भारतात बनवलेल्या सेलचे, डीसीआर प्रमाणपत्राचे आहेत असं लिहून घ्या, नाहीतर अनुदान विसरा.

अजून एक, जे मला बसवून झाल्यावर कळलं. लाईट गेली की सोलरही बंद पडतं. रणरणत्या दुपारी, पॅनल तापलेले असताना. बॅटरी नसलेल्या यंत्रणेला ग्रिड गेल्यावर थांबावंच लागतं, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसेल. घरातला बॅटरीवाला इन्व्हर्टर विकू नका.

शेवटी गच्ची. आमच्याकडे माणूस मापं घ्यायला मे महिन्यात आला होता. सूर्य डोक्यावर, सावली पायाखाली, सगळं ठीक. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला झुकला आणि दक्षिण कोपऱ्यातल्या पाण्याच्या टाकीची सावली अकरा वाजल्यापासून पहिल्या दोन पॅनलांवर आडवी पडायला लागली. सावली दोनावर, पण एका साखळीत जोडलेले असल्याने बाकीच्यांचंही उत्पादन पडलं. मोबाईलवरच्या आलेखात बरोबर तेवढ्या वेळेला खड्डा दिसायचा. जानेवारीत टाकी उत्तरेला हलवली, प्लंबरचे साडेचार हजार वेगळे. त्याच सुमारास आसपासच्या उसाच्या फडांत पाचट पेटवायला सुरुवात झाली, काळी राख उडून पॅनलवर बसते. दर रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत पाइप मारते मी.

पॅनल सात फूट उंच घ्या, खालून फिरता येतं, असंही तुम्हाला सांगतील. आम्ही घेतले. सासूबाई अजून बोलतात, कारण कुरडया वाळत घालायच्या जागेवर आता दिवसभर सावली असते.