एनएफएलमध्ये (अमेरिकन फुटबॉलची लीग) सीझन तोंडावर आलेला असताना टीम सेफ्टी, म्हणजे बचावाच्या सगळ्यात मागच्या फळीतले खेळाडू, का बदलतात? रिस्की नाही का?

रिस्की आहेच, पण कधीकधी तोच मूव्ह सीझन बनवतो. २०२२ चे फिलाडेल्फिया ईगल्स बघा. त्यांचा सेफ्टी रॉडनी मक्लाउड आधीच कोल्ट्स या दुसऱ्या टीमकडे गेलेला, मग जॅकिस्की टार्टला घेतलं आणि ऑगस्टमध्येच सोडलंही, आणि ३० ऑगस्टला, म्हणजे रोस्टर (टीमची यादी) ५३ खेळाडूंवर आणायच्या शेवटच्या दिवशी, अँथनी हॅरिसला कट केलं जो आदल्या वर्षी स्टार्टर होता! त्याच दिवशी सेंट्स या टीमकडून सी. जे. गार्डनर-जॉन्सनला ट्रेड करून आणलं, तेही ड्राफ्टच्या (नवे कॉलेज खेळाडू राउंडनुसार निवडतात तो) पाचव्या-सहाव्या राउंडच्या पिक्सच्या बदल्यात, म्हणजे जवळपास फुकटच म्हणा ना.

आता गंमत अशी की हा सेंट्समध्ये मुख्यतः स्लॉट कॉर्नर (आतल्या बाजूच्या रिसीव्हरला अडवणारा बचावपटू) खेळायचा, इथे त्याला सेफ्टीला टाकलं मार्कस एप्सच्या जोडीला, आणि पठ्ठ्याने पाच मॅच दुखापतीत जाऊनही ६ इंटरसेप्शन्स (समोरच्या टीमचा पास मध्येच पकडणं) काढले, लीगमध्ये संयुक्त पहिला! टीम थेट सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या फायनलमध्ये पोहोचली.

पण मला विचाराल तर त्या ऑगस्टमधला सगळ्यात भारी निर्णय सेफ्टी रीड ब्लँकनशिपला ठेवणं. ड्राफ्टमध्ये कोणीच न घेतलेला पोरगा, कॅम्प आणि प्री-सीझन खेळून ५३ मध्ये आला, आणि पॅकर्सविरुद्ध गार्डनर-जॉन्सन जखमी झाल्यावर मैदानात उतरून थेट त्यांचा स्टार क्वार्टरबॅक (पास फेकणारा) ॲरन रॉजर्सचा बॉल पकडला. २०२३ मध्ये एप्स आणि गार्डनर-जॉन्सन दोघंही दुसरीकडे गेले तेव्हा स्टार्टर हाच झाला. म्हणून प्री-सीझनच्या मॅच बघताना चौथ्या क्वार्टरमधले सेफ्टी नीट बघत जा.