'उत्तरप्रक्रिया' नको, मग काय?

कोल्हापुरात गेम बनवणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलंय: प्रकल्पाचा अहवाल मराठीत लिहितोय, 'रिअल टाइम पोस्ट प्रोसेसिंग इफेक्ट'ला 'वास्तविक वेळ उत्तरप्रक्रिया परिणाम' म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते नको. 'उत्तर' म्हणजे नंतरचा, हे बरोबरच. उत्तरार्ध, उत्तररात्र आपण म्हणतोच. पण 'क्रिये'च्या शेजारी तो बसला की मराठी कानाला आधी 'उत्तरक्रिया' ऐकू येते, म्हणजे माणूस गेल्यानंतरचे विधी.

शब्दाआधी वस्तू बघू. त्याने रंकाळ्याची रात्र उभी केलीय: काठावरचे दिवे, पाण्यातला संध्यामठ. एक बटण दाबलं की दिव्यांभोवती मऊ प्रभा पसरते. हा ब्लूम. दिवे तेच, पाणी तेच. बदलतं ते काढून झालेलं चित्र. दृश्य थेट पडद्यावर न काढता आधी मेमरीतल्या टेक्श्चरवर, म्हणजे पडद्याआडच्या चित्रफलकावर, काढायचं, त्यातले लखलखीत पिक्सेल तेवढे निवडायचे, ते आधी आडवे, मग उभे धूसर करायचे आणि मूळ चित्रात मिळवायचे. आडवं-उभं वेगळं केल्याने बचत किती! धूसर करताना शेजारचे पिक्सेल वाचून त्यांची सरासरी काढतात; ९ बाय ९ पिक्सेलच्या चौकटीत प्रत्येक पिक्सेलमागे ८१ वेळा टेक्श्चर वाचावं लागतं, दोन फेऱ्यांत १८ वेळा. सेकंदाला ६० फ्रेम हव्यात तर दृश्य काढण्यासकट सगळं १६.६७ मिलिसेकंदांत उरकायला हवं. 'रिअल टाइम'मधली ही निकड 'वास्तविक वेळ'मध्ये कुठेच नाही. 'तत्क्षण' म्हणा.

आता 'पोस्ट'. शेतीच्या मराठीने हा पेच कधीच सोडवलाय: 'काढणीपश्चात प्रक्रिया'. पीक हाती आलं, मग त्यावर काम. क्रम शब्दातच आहे. 'प्रक्रिया'ही दूधप्रक्रिया, फळप्रक्रियेमुळे मुरलेली. इथे कच्चा माल म्हणजे काढून झालेली फ्रेम. म्हणून 'चित्रणपश्चात प्रक्रिया'. 'चित्रीकरण' मात्र टाळा. सिनेमाच्या या गावात त्याचा अर्थ शूटिंग, दुसरा नाही.

राहिला 'इफेक्ट'. 'परिणाम लागू केला' हे कागदी मराठी. आपण परिणाम साधतो, फिल्टर लावतो. बोलताना 'ब्लूम लावला' म्हणा, अगदी शुद्ध आहे. अहवालात असं लिहिता येईल: 'दिव्यांभोवतीच्या प्रभेचा परिणाम तत्क्षण चित्रणपश्चात प्रक्रियेने साधला आहे.'