खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीखाली एका वेळी वीस अंडी ठेवली तर चालतील का? वीस ठेवली तर निदान पंधरा तरी फुटून पिल्ले निघतील ना? दुकानातील चालतील का? तिला रोज उठवावे का?

वीस अंडी चालणार नाहीत. साधी गावठी कोंबडी असेल तर दहा, अंगाने भरलेली असेल तर बारा, त्यापुढे एकही नाही. ‘वीस ठेवली तर निदान पंधरा तरी फुटतील’ असा हिशेब तुम्ही प्रश्नात मांडला आहे, आणि तो वाचूनच मी उत्तर लिहायला घेतले, कारण नेमक्या याच हिशेबावरून आमच्या घरात २०२० पासून वाद चालू आहे.

आमचे घर श्रीवर्धन तालुक्यात आहे. त्या वर्षी धाकट्या दिरांनी विजेवर चालणारे उबवणीचे यंत्र आणले होते. मे महिन्यात आमच्याच कोंबड्यांची अंडी आम्ही एकाच दिवशी दोन ठिकाणी ठेवली. काही त्यांच्या यंत्रात गेली आणि बारा माझ्या काळ्या कोंबडीखाली, पडवीतल्या टोपलीत, भाताच्या पेंढ्यावर. आठवड्याने रात्री बॅटरीच्या उजेडात पाहिले तेव्हा दोन्हीकडच्या अंड्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसत होत्या, म्हणजे तोवर यंत्रही आपले काम नीट करत होते, हे मी मान्य करते.

३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आले. दुपारी पडवीची कौले उडू लागली तेव्हा मी टोपली कोंबडीसकट उचलून माजघरात आणली. तिने माझ्या हाताला चोची मारल्या, पिसे फुलवून ती गुरगुरत राहिली, पण अंड्यांवरून उठली नाही. संध्याकाळी वारा पडला तेव्हा सुपारीच्या बागा आडव्या झाल्या होत्या, विजेचे खांब रस्त्यावर पडले होते आणि वीज लवकर येणार नाही हे कोणालाही कळत होते. दीर यंत्रातली सगळी अंडी घेऊन आले आणि म्हणाले, “वहिनी, ही पण तिच्याखाली सरकवा, थोडी तरी वाचतील.” मी स्पष्ट नकार दिला. वाडीत दुसऱ्या कोणाकडे खुडूक कोंबडी आहे का ते विचारून या, असे मी त्यांना तेव्हाच सांगितले होते, परंतु ते विजेची वाट पाहत बसले. गणपतीला सगळे घर जमले की ‘वहिनींच्या हट्टापायी माझी अंडी गेली’ हे वाक्य आजही निघते.

आता नकाराचे कारण ऐका, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. अंड्याला सुमारे साडेसदतीस अंश सेल्सिअस उष्णता एकवीस दिवस लागते, आणि ती कोंबडीच्या पोटावरची पिसे झडून उघड्या पडलेल्या कातडीतून मिळते. ही कातडी जेवढी, तेवढीच अंडी उबेत राहतात. शिवाय कोंबडी अंडी जागच्या जागी ठेवत नाही. ती चोचीने त्यांना दिवसरात्र फिरवते, कडेची मध्ये ओढते आणि मधली कडेला सारते. त्यामुळे वीस अंड्यांपैकी ठरावीक आठच गारठतील असे होत नाही, तर आळीपाळीने वीसच्या वीस गारठतात आणि चांगल्या बारांमधले जीवही त्यात जातात. दिरांचे म्हणणे मी त्या संध्याकाळी ऐकले असते, तर त्यांची वाचली नसतीच आणि माझीही गेली असती. माझ्या बारांपैकी दोन सोडून सर्व फुटली. ‘वादळ काय रोज येते?’ असे ते विचारतात. वादळ रोज येत नाही, परंतु कोकणात पावसाळ्यात वीज वरचेवर जाते, आणि खुडूक कोंबडीला जवळ दाणा व पाण्याचे भांडे यापलीकडे काही लागत नाही.

दुकानातील अंड्यांचा विचार सोडून द्या. अंड्यांसाठी पाळलेल्या फार्मवरच्या कोंबड्यांत कोंबडा नसतो, त्यामुळे ती कितीही उबवली तरी नासण्यापलीकडे काही होत नाही. कोंबड्यासोबत फिरणाऱ्या कोंबड्यांची अंडी घ्या, ती धुऊ नका, निमुळते टोक खाली करून घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवा आणि रात्री एकदम सगळी तिच्याखाली सारा. पुस्तकात सात दिवसांपर्यंतची अंडी चालतात असे असते, परंतु आपल्याकडे वैशाखात घरातली हवाच तीस अंशांच्या वर असते. त्या उष्णतेने अंड्यात अर्धवट वाढ सुरू होऊन जीव मरतो, म्हणून उन्हाळ्यात चार-पाच दिवसांपेक्षा जुने अंडे मी ठेवत नाही. अंड्यांवर कोळशाने खूण करा, म्हणजे दुसरी कोंबडी तिथे येऊन अंडे घालून गेली तर ते ओळखून काढता येते. उशिरा आत गेलेले अंडे फुटत नाही, कारण पहिली पिल्ले चालू लागताच आई त्यांच्यासोबत निघून जाते.

रोज उठवण्याची गरज नाही. ती आपणहून दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटे उठते, खाते, पिते, विष्ठा टाकते. सलग दोन दिवस उठलीच नाही, तर मात्र हलकेच उचलून दाण्यापाशी ठेवा.

वीस पिल्लेच हवी असतील, तर दोन कोंबड्या एकाच रात्री बसवा. पुढे दोन्हींची पिल्ले रात्रीच्या अंधारात एकीच्या पंखाखाली सोडली तर ती बहुधा सांभाळते, आणि दुसरी लवकर अंड्यावर येते. पिल्ले विकण्याचा धंदा करणाऱ्याला यंत्राशिवाय गत्यंतर नाही, त्याने इन्व्हर्टरसह ते जरूर घ्यावे. माझे म्हणणे घरच्या दहा-वीस पिल्लांपुरते आहे. बसवण्याआधी टोपलीत राख आणि निगडीचा पाला घालायला विसरू नका, पिसवांनी बेजार झालेली कोंबडी अंडी सोडते. आणि पिल्ले आठवड्याची होण्याच्या सुमारास जनावरांच्या दवाखान्यातून राणीखेत या कोंबड्यांच्या मरीच्या रोगावरची लासोटा लस डोळ्यात किंवा नाकात घालून घ्या, कारण मर आली की गावातील एकही खुराडे सुटत नाही.