एक लाख डॉलरची फी आणि लेकीचं एमएस

नमस्कार ताई,

पत्र वाचलं. लेकीला अमेरिकेत कॉम्प्युटरच्या एमएसला ॲडमिशन मिळालीय, घर तारण ठेवून चाळीस लाखांचं लोन काढायचंय, आणि तुमचे मिस्टर म्हणतात एच१बीची, म्हणजे तिथे नोकरी करायच्या व्हिसाची, एक लाख डॉलर फी कोर्टात टिकणारच नाही, बिनधास्त पाठवू. खरं का, असं विचारलंय तुम्ही.

मिस्टरांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही हां. एरवी एच१बीची फी अशी ठरत नाही. काही रकमा तिथल्या संसदेने कायद्यातच लिहून ठेवल्यात, म्हणजे फसवणूक रोखण्यासाठीचे ५०० डॉलर, ट्रेनिंग फंडाचे ७५० किंवा १५०० (कंपनी लहान की मोठी त्यावर), आणि अर्जाची फी इमिग्रेशन खातं ठरवतं पण ती खर्च निघण्यापुरती, तीही आधी मसुदा काढून, लोकांच्या हरकती मागवून. हे एक लाख मात्र ट्रम्पनी १९ सप्टेंबर २०२५ ला सरळ घोषणा काढून लावले, आणि आधार कसला, तर परदेशी माणसाचा प्रवेश अडवायच्या अधिकाराचा. आता प्रवेश अडवता येतो म्हणून पैसेही मागता येतात का, सगळं भांडण तिथेच आहे. अमेरिकन चेंबर ऑफ कॉमर्स, म्हणजे तिथल्या कंपन्यांची संघटना, कोर्टात गेली, २३ डिसेंबर २०२५ ला वॉशिंग्टनच्या न्यायाधीश बेरिल हॉवेल यांनी निकाल सरकारच्या बाजूने दिला. पुढे अपील वगैरे. तेव्हा कोर्टाच्या भरवशावर घर गहाण टाकू नका, एवढं मिस्टरांना सांगाच.

पण घाबरून ॲडमिशन सोडायचंही कारण नाही. २० ऑक्टोबर २०२५ ला खात्याने खुलासा केलाय, की तिथेच राहून स्टुडंट व्हिसावरून एच१बीवर जाणाऱ्यांना ही फी नाही. (आणि फी कंपनीने भरायची असते, एजंट काहीही सांगो.) फक्त अर्ज पेंडिंग असताना मावसभावाच्या लग्नाला म्हणून इकडे आली की घोळ, मग फी लागू होते. अर्थात तिची वेळ येईपर्यंत नियम किती वेळा बदलतील देव जाणे.

मला काळजी लोनची आहे. एमएसनंतर ओपीटीचं (स्टुडंट व्हिसावरच नोकरी करायची मुभा) एक वर्ष, कोर्स स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) बसत असेल तर अजून दोन, म्हणजे एच१बी नाही मिळाला तर फार तर तीन वर्षं डॉलरमध्ये कमाई, तीही नोकरी लागली तर, आणि सध्या फ्रेशरना तिथे सोपं नाहीये. त्यानंतर पुण्यात येऊन इथल्या पगारात हप्ता झेपेल का, हिशोब तो करा. आय-२० (व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) आला की कोर्स कोड स्टेमच्या यादीत आहे का बघा, शिकत असताना व्याज किती चढतं ते बँकेकडून लिहून घ्या, आणि दोन्ही मला पाठवा, मग मिस्टरांना घेऊन बसू.