दहावीचे गणित: स्टँडर्ड की बेसिक?

प्रश्न: आम्ही सांगलीत विश्रामबागेत राहतो. मुलगी सीबीएसई शाळेत दहावीत आहे. घटक चाचणीत तिला गणितात 40 पैकी 23 गुण मिळाले. टक्केवारी वाढावी म्हणून बेसिक गणित घ्यावे, असे वर्गशिक्षकांचे मत आहे. तिचे मामा मात्र स्टँडर्डच घ्या म्हणतात. पुढे वास्तुशास्त्र की वाणिज्य, हे तिचे अजून ठरलेले नाही. मंडळाकडे परीक्षार्थींची यादी जाण्यापूर्वी निर्णय घ्यायचा आहे. उत्तरपत्रिकेची प्रत सोबत जोडली आहे. काय करावे?
— एक पालक, सांगली

उत्तर: उत्तरपत्रिकेची प्रत पाठवलीत हे फार बरे केलेत, कारण नुसत्या 23 या आकड्यावरून मला काहीच सांगता आले नसते.

प्रथम एक गैरसमज दूर करू. 2020 च्या परीक्षेपासून सीबीएसईने दहावीला हे दोन पर्याय दिले, तरी दोन्हींचा अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तक आणि 20 गुणांचे अंतर्गत मूल्यमापन एकच असते. फरक पडतो तो केवळ 80 गुणांच्या प्रश्नपत्रिकेच्या काठिण्यपातळीत. त्यामुळे बेसिक घेतल्याने वर्षभराचा अभ्यास हलका होईल, ही अपेक्षा ठेवू नये.

आता उत्तरपत्रिकेकडे वळतो. एक एस.टी. 120 किलोमीटर जाते, वेग ताशी 10 किलोमीटरने वाढवला तर एक तास कमी लागतो, तर मूळ वेग किती, असे उदाहरण त्यात आहे. आपल्या मुलीने x² + 10x − 1200 = 0 हे समीकरण अचूक मांडले आहे. बहुतेक मुले अडतात ती नेमकी इथेच, शब्दांतून समीकरण उभे करताना. पुढे अवयव पाडताना मात्र तिची चिन्हे उलटी झाली आणि 30 ऐवजी 40 हे उत्तर आले. ताळा करून पाहिला असता, तर ताशी 40 ने 3 तास आणि 50 ने 2 तास 24 मिनिटे लागतात, म्हणजे फरक तासाचा नव्हे, 36 मिनिटांचाच आहे, हे तिच्या लगेच लक्षात आले असते. आणखी दोन ठिकाणीही गुण अशाच आकडेमोडीत गेले आहेत. भूमितीतील सिद्धता मात्र नीटनेटकी आहे. ही चूक न समजण्याची नाही, सरावाची आहे, आणि रोज पाच-सहा उदाहरणे ताळ्यासह सोडवल्यास ती दोन-तीन महिन्यांत सुधारते. समीकरणच मांडता येत नसते, तर मी वेगळा सल्ला दिला असता.

वर्गशिक्षकांचे म्हणणे मी सर्वस्वी चूक म्हणणार नाही. अकरावीचा प्रवेश दहावीच्या टक्केवारीवर होतो आणि वाणिज्य शाखा नक्की असती, तर बेसिक घेण्यात काही कमीपणा नव्हता. सनदी लेखापाल होण्यासाठीही बारावीला गणित असावेच लागते असे नाही. (शाळेला स्वतःच्या निकालाचीही काळजी असते, हे जाता जाता सांगतो.) परंतु वास्तुशास्त्राच्या पदवीसाठी बारावीला गणित लागते. बेसिक घेणाऱ्यांना अकरावीत नेहमीचे गणित मिळणार नाही, असा मूळ नियम होता. पुढे तो शिथिल झाला आणि विद्यार्थ्याच्या क्षमतेविषयी शाळाप्रमुखांची खात्री पटल्यास ते देता येऊ लागले. तथापि आपला हक्क दुसऱ्याच्या खात्रीवर का सोपवावा? अकरावीला राज्य मंडळाच्या कनिष्ठ महाविद्यालयात जाण्याचा विचार असेल, तर बेसिकवाल्यांना तिथे गणित देतात का, हे त्या कार्यालयात आधीच विचारून घ्यावे.

म्हणून माझे मत स्टँडर्डच्या बाजूने आहे. मामा म्हणतात म्हणून नव्हे, तर त्या एका समीकरणामुळे. यादी जाण्यापूर्वी तिला मागील वर्षाची स्टँडर्डची एक प्रश्नपत्रिका घरी, तीन तास घड्याळ लावून सोडवायला द्या आणि तपासताना समीकरण मांडण्यात गेलेले गुण व आकडेमोडीत गेलेले गुण वेगवेगळे लिहा. पहिला आकडा मोठा निघाला, तर ती उत्तरपत्रिका मला जरूर पाठवा, मी माझे मत पुन्हा तपासेन.