भारतीय वाइन उद्योगाचा अभ्यास कुठून सुरू करावा? जगात आपलं स्थान नेमकं कितवं?

तुम्ही लिहिलंय की अर्थशास्त्रात एम.ए. करताय, भारतीय वाइन उद्योगावर प्रबंध आहे, आणि ‘जागतिक वाइनमध्ये भारताचं स्थान’ या प्रकरणापाशी गाडी अडलीय. आमची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे आणि वाइनच्या द्राक्षांत माझी बरीच वर्षं गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

स्थानाचं आधी बघू, कारण तिथेच बहुतेक जण फसतात. आंतरराष्ट्रीय द्राक्ष आणि वाइन संघटना, म्हणजे ओआयव्ही, दरवर्षी आकडेवारी काढते. भारत २०११ पासून तिचा सदस्य आहे. त्यातल्या द्राक्षाखालच्या क्षेत्राच्या तक्त्यात भारत चिली-पोर्तुगालच्या आसपास दिसतो, अंदाजे पावणेदोन-एक लाख हेक्टर. ते वाचून काही लोक ‘भारत उगवती वाइन महासत्ता’ वगैरे लिहून मोकळे होतात. आता वाइन उत्पादनाचा तक्ता काढा. २०२३ साली जगात साधारण २,३७० कोटी लिटर वाइन झाली, १९६१ नंतरचं तोवरचं सगळ्यात कमी उत्पादन. त्यातली निम्मी एकट्या इटली, फ्रान्स, स्पेनची. आपली किती? दोन-तीन कोटी लिटर. हजारात एक.

मग एवढी द्राक्षं जातात कुठे? तोंडात आणि बेदाण्यात. थॉमसन, सोनाका, माणिक चमन, ही सगळी खायची द्राक्षं. वाइनला जाणारा माल शेकडा एक-दोनाच्या वर जात नाही. प्रबंधात दोन्ही तक्ते शेजारी-शेजारी ठेवा, अर्धं प्रकरण तिथेच उभं राहील.

दुसरी चूक तुलनेची. उठसूट फ्रान्सचं बोर्डो आणि नाशिक. फ्रान्समधली वेल हिवाळ्यात झोपते, वसंतात फुटते आणि फळ उतरतं ते उन्हाळा सरताना, हवा गार होत जाताना. आमची वेल झोपतच नाही, तिला छाटून हिशोबात आणावं लागतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यातून पुढच्या पिकाच्या काड्या तयार होतात. पावसाळ्यात फक्त वेल सांभाळायची, डाऊनी या बुरशीच्या रोगापासून वाचवायची. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी, आणि डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग. रबरी हातमोजे घालून बायामाणसं ओळीनं एकेका काडीच्या डोळ्यांवर ते लावत जातात, आणि त्या वेळी तीन-चार दिवसांची चूक झाली तर पुढे सगळी बाग मागेपुढे होते.

फळ तयार होतं जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे ऊन चढत असताना. जानेवारीत गारठा असतो, तेव्हा शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ ही पांढरी द्राक्षं आंबटपणा धरून ठेवतात. मार्चपर्यंत वेलीवर राहणाऱ्या काळ्या द्राक्षांत साखर भराभर चढते आणि आम्ल उतरतं. तोडणी म्हणूनच रात्री नाहीतर पहाटे, क्रेटमध्ये भरून थेट वायनरीत. नाशिकची पांढरी वाइन लाल वाइनपेक्षा आधी का जमली, त्याचं मोठं कारण माझ्या मते हेच.

तेव्हा तुलना करायचीच तर ब्राझीलच्या साओ फ्रान्सिस्कू नदीच्या खोऱ्याशी करा, थायलंडशी करा. ब्राझीलच्या त्या भागात वर्षात दोनदा पीक घेतात, आपण दोन छाटण्या करून एकदाच घेतो. उष्ण कटिबंधातली वाइन हा जगाच्या नकाशावरचा वेगळाच कोपरा आहे आणि त्या कोपऱ्यात भारत नगण्य नाही. बाजाराच्या अंगाने बघायचं तर न्यूझीलंड घ्या. तोही आकाराने लहानच, पण त्यांची बहुतेक वाइन देशाबाहेर जाते. आपली जवळजवळ सगळी देशातच खपते.

आता इतिहास. तो थोडक्यात मांडा, फार पानं घालवू नका. ऐंशीच्या दशकात नारायणगावला शामराव चौगुल्यांनी इंडाज ही वायनरी उभी केली, तिची फसफसणारी वाइन परदेशात गेली. ग्रोव्हर ही वायनरी बंगळुराजवळ नंदी हिल्सला. राजीव सामंतांची सुला नाशिकला, पहिली वाइन २००० साली. पण फरक पडला तो २००१ च्या महाराष्ट्राच्या धोरणाने: दहा वर्षं उत्पादन शुल्क माफ, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क. त्यावर वायनऱ्या पावसाळी छत्र्यांसारख्या उगवल्या.

इथे मात्र थांबा आणि शेतकऱ्याच्या बाजूने बघा. वाइनचं द्राक्ष म्हणजे बारीक मणी, जाड साल, आत बिया. पिंपळगावच्या व्यापाऱ्याला दाखवलं तर तो हसेल. थॉमसनचा भाव पडला तर माल दुसऱ्या मार्केटला नेता येतो, अगदीच नाही तर बेदाणा करता येतो. शिराझसारखं वाइनचं वाण लावणाऱ्याला एकच गिऱ्हाईक, वायनरी. २००८-०९ मध्ये मंदी आली, २६/११ नंतर हॉटेलं ओस पडली, वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्या राहिल्या. आमच्याकडच्या एका लहान वायनरीने करार असूनही त्या हंगामात माल उचलला नाही. कागदावर भाव लिहिला होता, न उचलल्यास काय हे लिहिलं नव्हतं. त्या दोन-तीन वर्षांत अनेकांनी वाइनच्या बागा मुळासकट काढल्या. इंडाजही कर्जात बुडाली. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून तुम्हाला सगळ्यात जास्त हाती लागेल ते इथे, चवीच्या वर्णनात नाही. जुने करार मिळाले तर ते वाचाच.

मग कर. दारू हा राज्याच्या यादीतला विषय, त्यामुळे नाशिकची वाइन बंगळुरात विकायची तर लेबल नोंदणी, शुल्क, परवाना सगळं नव्याने. महाराष्ट्रात २० टक्के व्हॅट घेऊन त्यातला १६ टक्के वायनरीला परत देण्याची योजना आहे. सुला डिसेंबर २०२२ मध्ये शेअर बाजारात आली, तिच्या वार्षिक अहवालात नफ्यात या परताव्याचा किती वाटा आहे ते दिसतं. बाहेरून येणाऱ्या वाइनवर १५० टक्के आयात शुल्क ही दुसरी भिंत. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारात ती खाली आली, पण बाटलीची आयात किंमत ५ डॉलरच्या वर असेल तरच. स्वस्त परदेशी बाटली अजून भिंतीपलीकडेच, म्हणजे आपल्या वायनऱ्यांचा मुख्य किंमतगट शाबूत. ही मेख बातम्यांत फारशी येत नाही.

‘वाइन’ म्हणून देशात खपणाऱ्या मालात गोड, वरून अल्कोहोल घातलेल्या पोर्टचाही मोठा भाग आहे, गोव्यात तर विचारूच नका. आकडा उचलताना त्यात ती धरली आहे की नाही ते तपासा, नाहीतर दोन स्रोतांचा मेळ बसणार नाही.

पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात वाणांवरचं काम बघायला मिळेल. नाशिकला येणार असाल तर फेब्रुवारीत या, पण शनिवार-रविवार सोडून. सुट्टीच्या दिवशी टेस्टिंग रूमला पुण्या-मुंबईची गर्दी असते आणि वाइनमेकर कुणाशी दोन शब्द बोलायला मोकळा नसतो. आधी बागेवर जा, तोडणीच्या टोळीबरोबर पहाटे. वायनरीत दुपारनंतर गेलात तरी चालेल.